डोंगराला दोन, माळाला एक

त्या गावातली घरं डोंगराकडे पाठ करून बसलेली आहेत, घरातली म्हातारी रुसून बसावी तशी. डोंगराच्या बाजूला नुसती भिंत. खिडकी नाही, झरोका नाही. दारं, खिडक्या, ओटे, कपड्यांच्या दोऱ्या, सगळं खालच्या माळाकडे. कारण वारा यायचा तो डोंगरावरून. वर्षातून पाच-सहा वेळा तो कड्यावरून असा उतरायचा की बाजारात उभ्या केलेल्या सायकली मालकाच्या आधी घरी पोचायच्या.

म्हणून तिथलं मूल नीट चालायला लागायच्या आत एक गोष्ट शिकायचं. भोंगा वाजला की माळाकडची दारं सताड उघडायची आणि डोंगराकडच्या भिंतीला टेकून बसायचं. वारा फटीतून आत आलाच तर घरात कोंडता कामा नये, त्याला जायला वाट ठेवायची. छपरांचं गणितही तेच. पत्रा वाशाला धरून ठेवणारा हुक डोंगराच्या उतारावर जिथे दोन, तिथे माळाच्या उतारावर एक. "डोंगराला दोन, माळाला एक," असं पत्रे बसवणारे म्हणायचे, आणि पाढा म्हटल्यावर जसं कुणी का म्हणून विचारत नाही, तसं हेही कुणी विचारत नसे.

डबलबाईने विचारलं.

ती त्या गावात सून म्हणून आली तेव्हा तिला शिडीला हात लावायचंही कारण नव्हतं. सासरे पत्रे बसवायचे. मुलगा हाताखाली यावा ही त्यांची इच्छा, पण मुलाला तिसऱ्या पायरीवर घेरी यायची. खरं तर ती पहिल्याच पायरीवर यायची, तिसरीपर्यंत तो अब्रूसाठी चढायचा. शेवटी त्याने शिवणयंत्र घेतलं. "सुई पडली तर पायावर पडते, फार तर," असं तो म्हणे. त्याची थोरली बहीण मात्र माकडासारखी वर जायची. सासऱ्यांनी नाइलाजाने मुलीला कामाला लावलं आणि गावाने तोंडात बोटं घातली. मग एके दिवशी सून डबा द्यायला वर गेली आणि खाली आलीच नाही. म्हणजे आली, संध्याकाळी, कोपर खरचटलेलं, पदर कमरेला खोचलेला, आणि म्हणाली, "वन्सं, उद्या किती वाजता?"

छपरावर तिला भीती म्हणून वाटली नाही. तिची सगळी भीती जमिनीवर होती. लेक झाल्यापासून तर ती जराही खाली बसली नाही. पोरगी झोपली की ही नाकाशी बोट धरून श्वास बघणार. पोरगी शाळेत गेली की हिचा अर्धा जीव शाळेच्या फाटकाला टांगलेला. धुकं पडलं म्हणून ती लेकीला आणायला गेली. पायऱ्यांवर दंव गोठलं म्हणून गेली. एकदा प्रयोगशाळेतून गॅसचा वास येतोय असं लांबूनच वाटलं म्हणून धावत गेली, तो निघाला शिपायाच्या डब्यातला लसूण. शिक्षकांच्या खोलीत विनोद ठरलेला होता, "ढग दिसतोय का? मग डबलबाईंना चहा टाका." मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्यावर हसत नसत, पण थांबवतही नसत. लेक चौथीत गेली तेव्हा तिने आईला बजावलं, "आई, तू शाळेत आलीस तर मी तुला ओळखणार नाही."

"नको ओळखूस. मी ओळखीन तुला."

डबलबाई हे नाव पडलं ते छपरांवरून. जुने पत्रे उतरवताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. माळाकडच्या उतारावरची हुकांची भोकं लांबट झालेली असायची. बसवताना गोल पाडलेलं भोक, वीस वर्षांनी काढताना तांदळाच्या दाण्यासारखं. तिने सासऱ्यांना दाखवलं.

"गंज आहे," ते म्हणाले.

"गंज गोल खातो, मामंजी. हे ओढलंय कुणीतरी."

"कोण ओढतंय? भूत?"

"वाराच. पण माळाकडून. कधीमधी, थोडा थोडा. आणि दारं सगळी त्याच बाजूला. एखाद दिवशी जोरात आला, तर थेट घरात शिरेल आणि छपराला खालून खांदा देईल."

"माझी चाळीस वर्षांची छपरं उभी आहेत."

"तुमची नशीबवान आहेत."

सासऱ्यांनी तो पत्रा उचलून भंगारात टाकला. पुढे ते वारल्यावर काम दोघींच्या हाती आलं आणि तिने दोन्ही उतारांवर दोन-दोन हुक बसवायला सुरुवात केली. लोक वैतागले. दुप्पट भोकं, दुप्पट वेळ, आणि गळती लागली तर? एका किराणावाल्याने तिला अर्ध्या छपरावर असताना खालून सांगितलं, माळाकडे एकच मारा. ती हत्यारं गोळा करून उतरली आणि घरी गेली. तीन दिवस त्याच्या साखरेवर आभाळ होतं. चौथ्या दिवशी त्याने बोलावणं पाठवलं. तेव्हापासून ती डबलबाई. नाव चिडवायला ठेवलं होतं, तिने ते टोपीसारखं डोक्यावर घातलं.

पण माणूस कुठेतरी वाकतोच. ती वाकली शाळेच्या नव्या सभागृहाच्या वेळी.

इतकं मोठं काम तिला तोवर मिळालं नव्हतं. गावातलं सगळ्यात मोठं छप्पर, आणि खाली तिचीच लेक बसणार. लेकीने वर्गात सांगूनही टाकलं होतं, "आमचं सभागृह माझी आई करतेय." आईला न ओळखणारी मुलगी ती, तिने हे सांगितलं म्हटल्यावर डबलबाईचे पाय छपराच्याही वर होते. ठेकेदाराने हुकांची पोती पाठवली, ती तिने मोजली आणि त्याच्याकडे गेली.

"हुक कमी आहेत."

"बरोबर आहेत. डोंगराला दोन, माळाला एक. तुमच्याच सासऱ्यांचं वाक्य आहे हे."

"वाक्य त्यांचं. भोकं मी पाहिलीयत."

"बाई, माझ्या कागदावर एक आहे. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. उद्या सकाळी दुसरी टोळी उभी राहील, आणि तीही एकच मारेल. मग तुम्ही खालून बघत बसा."

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. दुसऱ्यांनी मारलं तरी एकच मारतील. मग निदान आपल्या हाताने घट्ट तरी मारू, अशी तिने मनाची समजूत घातली. मनाची समजूत घालायला फार वेळ लागत नाही, ते वाटच बघत असतं. तिने माळाच्या उतारावर एकेक हुक बसवला. वन्सं शेजारी बसून वायसर देत होत्या. काम संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "केलंस ना? आता गिळ."

आणि तिने नुसतं गिळलं नाही, वर ढेकरही दिला. उद्घाटनाला तिच्या हातात माइक दिला तेव्हा सगळ्या गावासमोर ती बोलून गेली, "माझी नातवंडं ह्या शाळेत येतील तेव्हाही हे छप्पर इथंच असेल." टाळ्या झाल्या. लेकही टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी ते वादळ आलं.

उन्हाळा नुकताच लागला होता. दुपारची वेळ. दोघी नणंद-भावजय गावाबाहेरच्या दूध डेअरीच्या शेडवर होत्या. वन्संनी वायसर तोंडात धरले होते, ते काढून त्या म्हणाल्या, "वहिनी, वीटभट्टीचा धूर बघ. कुठे चाललाय?"

भट्टी माळावर होती. तिचा धूर जन्मात कधी गावाकडे आला नव्हता. तो जमिनीला चिकटून, सरपटत, गावाकडे येत होता.

"चाललाय कुठे, वन्सं? येतोय."

धुराच्या मागे माळाचं टोक दिसेनासं झालं होतं. तिथे एक तपकिरी भिंत उभी होती आणि भिंतीच्या पोटात वीज चमकत होती. दोरीवरचे कपडे, जे एरवी माळाकडे फडफडायचे, ते डोंगराकडे तोंड करून ताठ उभे राहिले. तेवढ्यात नगरपालिकेचा भोंगा वाजला. भोंगा वाजवणाऱ्याने त्याचं काम केलं होतं. वाऱ्याचा आवाज ऐकला आणि कळ दाबली. तो कुठून येतोय हे बघायचा नियम नव्हता.

आणि मग वरून तिला गाव दिसलं. भोंग्याबरोबर खालच्या गल्लीत एकेक दार उघडायला लागलं. पहिलं, दुसरं, तिसरं. बायका लगबगीने खिडक्या लोटत होत्या, कड्या अडकवत होत्या, उंबऱ्यातल्या चपला बाजूला करत होत्या. पाहुणा येणार म्हणून घर मोकळं करावं, तसं अख्खं गाव वादळाला दारं उघडून देत होतं.

"शाळा," ती म्हणाली.

वन्संनी दोर खांद्यावर टाकला. खाली उतरून त्यांनी स्कूटरला लाथ मारली. "ब्रेक लागत नाहीत हिचे, माहीत आहे ना?"

"आज कशाला हवेत?"

वाटेत ती ओरडत होती, "दारं लावा! माळाकडची दारं लावा!" एका ओट्यावरची म्हातारी तिला म्हणाली, "वेड लागलं का गं तुला? भोंगा ऐकला नाहीस?"

शाळेचं पटांगण ओलांडेपर्यंत पहिल्या गारा पडायला लागल्या होत्या, लिंबाएवढ्या. पटांगणाच्या एका बाजूला शाळेची जुनी दगडी इमारत, जाड भिंतींची, वर स्लॅब. दुसऱ्या बाजूला नवं सभागृह. मुलं सभागृहात होती. ऐंशी मुलं, डोंगराकडच्या भिंतीला ओळीने टेकून, हाताची घडी घालून. माळाकडचे चारही मोठे दरवाजे बाहेर उघडून भिंतीला बांधून ठेवलेले. सगळं अगदी नियमाने. आणि वारा त्या चार दरवाज्यांतून आत येऊन मुलांच्या केसांत घुसत होता.

मोठ्या बाईंनी तिला पाहिलं. "पुन्हा तुम्ही?"

"मुलांना बाहेर काढा. सगळ्यांना. जुन्या इमारतीत न्या."

"बाहेर? ह्या गारांत? अहो, माझ्या डोळ्यांदेखत कुंडी उडाली आत्ता."

"मग दारं तरी लावा."

"दोघा शिक्षकांनी ओढून पाहिली. हलत नाहीत. आणि उघडीच ठेवायची असतात, भिंतीवर लिहिलंय."

"ते डोंगराच्या वाऱ्यासाठी लिहिलंय, बाई! हा माळाचा आहे. हा आत भरतोय."

भिंतीकडून एक बारीक, रडकुंडीला आलेला आवाज आला. "आई, जा ना गं. सगळे बघतायत."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. ऐंशी मुलांना घेऊन उभी असलेली बाई जशी असेल तशा होत्या. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "हे बघा, तुमचा जीव राहत नाही, मला कळतं. तुमच्या मुलीला घेऊन जा, मी अडवत नाही. पण बाकीच्यांना मी ह्या छपराखालून हलवणार नाही. ह्याच्याइतकं पक्कं छप्पर गावात नाही. हे तुम्हीच सांगितलंयत, माइकवर."

डबलबाईने लेकीचं मनगट धरलं. धरलं ते धरलंच. दार दहा पावलांवर होतं. दोघी पळाल्या असत्या तर अर्ध्या मिनिटात दगडी भिंतीमागे पोचल्या असत्या, आणि तिला कुणी कधी काही विचारलं नसतं. वरून आवाज आला. बाकी कुणाला तो ऐकू आला नाही, आला तरी कळला नाही. टिक. मग जरा लांबून, टिक. हुकाच्या मानेवर पत्रा चढतो तेव्हा असा आवाज येतो.

तिने मनगट सोडलं.

"मी माइकवर खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला. "माळाच्या उतारावर एकेकच हुक आहे. मला माहीत होतं ते कमी आहेत, आणि तरी मी मारले. माझ्या हाताने. हे छप्पर टिकणार नाही, बाई. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी अंदाज केला असता. हे माझं आहे, मी अंदाज करत नाहीये."

लेकीचं तोंड उघडं राहिलं होतं.

मोठ्या बाईंनी एकदा वर बघितलं, एकदा तिच्याकडे. आजवर ही बाई शाळेत येऊन पन्नास वेळा घाबरली होती, पण स्वतःविरुद्ध एकदाही काही बोलली नव्हती. मोठ्या बाईंना निर्णय घ्यायला एका श्वासाएवढा वेळ लागला. तेवढाच. मग त्या अशा ओरडल्या की गारांचा आवाज मागे पडला. "दप्तरं डोक्यावर! पहिली-दुसरी पुढे! एकमेकांचा हात सोडणाऱ्याला मी बघून घेईन!"

वन्संनी दोराचं एक टोक घेऊन पटांगण ओलांडलं आणि ते जुन्या इमारतीच्या जाळीला बांधलं. दुसरं टोक डबलबाईने सभागृहाच्या खांबाला दोन वेढे देऊन हातात धरलं. साठ पावलांचं अंतर. मुलं दोराला धरून, वाकून, डोक्यावर दप्तर घेऊन निघाली. एक चिमुरडी मध्येच थांबून गार उचलायला लागली. वन्संनी तिला बखोटीला धरून आत फेकली. "घरी जाऊन खा बर्फ!" सहावीची रांग आली. लेक आईजवळून गेली, आईकडे न बघता. डबलबाईला तिला हात लावायचा होता, पण दोन्ही हात दोराला होते.

सातवीची शेवटची बारा मुलं दोरावर होती तेव्हा माळाकडच्या वळचणीचा पहिला पत्रा उठला. मग सगळा उतारच एकदम वर झाला, आढ्यावरून उलटला, आणि पलीकडच्या, दोन-दोन हुकांच्या उतारालाही आपल्याबरोबर ओढून घेऊन गेला. आवाज असा झाला की काही मुलांना तो अजून झोपेत ऐकू येतो. सभागृहात वासे कोसळले. डोंगराकडच्या ज्या भिंतीला पाठ लावून मुलं बसली होती, तिचा वरचा अर्धा भाग आत पडला. डबलबाई दारातून बाहेर फेकली गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं, पण दोर तिच्या मनगटाला गुंडाळलेला होता, आणि बारा मुलं त्या दोरावरच होती. मोठ्या बाईंनी त्यांना एकेक करून आत ओढलं. मोजलं. पुन्हा मोजलं. ऐंशी.

त्या दिवशी गावातली एकशे वीसहून जास्त छपरं गेली. डबलबाईने दोन्हीकडे दोन हुक बसवलेली सव्वीस होती, त्यांतलीही चार गेली. एकावर झाड पडलं, बाकी तीन का गेली ते तिला आजही कळलेलं नाही. सासऱ्यांची नशीबवान छपरं बहुतेक सगळी गेली. किराणावाल्याचं राहिलं, आणि तो आठवडाभर दुकानाबाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बघायला लावत होता, जणू हुक त्याने मारले होते.

लेक चार दिवस आईशी बोलली नाही. हात गळ्यात अडकवून डबलबाई खाटेवर बसून असायची. नवरा शिवणयंत्र तिच्याजवळ ओढून आणून काम करायचा आणि दर दहा मिनिटांनी विचारायचा, "दुखतंय का?" पाचव्या दिवशी लेक येऊन उभी राहिली.

"तू मला एकटीला नेणार होतीस ना? आधी?"

डबलबाईला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "हात धरला होता मी."

"मग सोडलास का?"

"सगळ्यांच्या आया डोळ्यांपुढे आल्या. मी रोज फाटकाशी त्यांच्याबरोबर उभी असते. म्हटलं, उद्या त्यांच्याशेजारी कशी उभी राहू?"

लेकीने विचार केला. "पण तू खोटं बोललीस. नातवंडांचं."

"बोलले."

"मला वर्गात चिडवतात. तुझ्या आईचं छप्पर उडालं म्हणून."

"मग सांग, हो, उडालं. आणि त्याखाली तुम्ही का नव्हतात तेही विचार त्यांना."

लेक हसली नाही. पण खाटेवर बसली, मोडलेल्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला, आणि आईच्या बांगडीशी खेळत राहिली.

शाळा समितीची बैठक दगडी इमारतीतल्या दुसरीच्या वर्गात झाली. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अध्यक्षांनी एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की वादळ अभूतपूर्व होतं, अशा वाऱ्यापुढे कुठलंही छप्पर टिकलं नसतं, सबब कुणाचाही दोष नाही. खाली ठेकेदाराची सही होती. तिची राहिली होती.

"सही करा," ठेकेदार म्हणाला, अगदी गोडीने. "तुम्हीही सुटाल, आम्हीही. नवं छप्पर तुम्हीच करा. मुलांना वाचवलंत, गाव काही तुम्हाला विसरणार नाही."

"नवं किती हुकांचं?"

"ते मग बघू. असं वादळ शंभर वर्षांत एकदा येतं."

"शंभरावं वर्ष कुठलं, ते तुम्हाला कुणी कळवतं का?"

वन्सं मागच्या बाकावरून खुदकन हसल्या. अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं. "बाई, तुम्ही सगळ्या मुलांसमोर कबूल केलंयत. ह्या कागदावर सही नसेल तर सगळा ठपका तुमच्यावर येईल. विचार करा."

"येऊ द्या. माझा आहे तेवढा मी घेते. पण माझं पाप वादळाच्या डोक्यावर टाकू नका. वादळ काही इथं सही करायला येणार नाही."

तिने दुसरा कागद मागितला. उजवा हात गळ्यात होता, म्हणून डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, की माळाच्या उतारावर मी एकेक हुक बसवला, ठेकेदाराच्या सांगण्यावरून. कमी आहेत हे मला माहीत होतं. मी काम सोडायला हवं होतं, सोडलं नाही. गावातल्या सगळ्या छपरांना माळाकडे दुप्पट हुक लागतील. खाली सही केली. दुसरीच्या मुलीसारखी सही आली. कागद अध्यक्षांपुढे ठेवून ती उठली.

"हा फाडलात तर दुसरा लिहीन. डाव्या हाताचा सराव होईल."

समितीने तिला शाळेच्या आवारात काम करायला दोन वर्षं मनाई केली. ठेकेदाराला काही झालं नाही. अशांना होत नाही. गावातले काही जण दुप्पट हुक बसवून घ्यायला तिच्याकडे आले. काही मुद्दाम दुसरीकडे गेले. शेजारच्या घराने तर तिच्या नाकावर टिच्चून माळाला एकच मारून घेतला. मोठ्या बाईंनी भिंतीवरचा नियम पुसून टाकला आणि तिथे लिहिलं, "आधी वारा कुठून येतोय ते पाहा." त्यावरही समितीत वाद झाला म्हणे.

सभागृहाचं नवं छप्पर घालायला बाहेरून टोळी आली. पहिल्या दिवशी सकाळी डबलबाई शाळेसमोरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आवाराच्या बाहेर, एक बोटभरही आत नाही. हात अजून गळ्यात. शेजारी वन्सं. आणि तिने खणखणीत आवाजात माळाच्या उतारावरचे हुक मोजायला सुरुवात केली. "एक! दोन! तीन! मध्ये जागा सोडलीत! चार!" येणारे-जाणारे थांबले. पोरं फाटकाशी जमली. ठेकेदार धावत आला.

"हा काय तमाशा आहे? काम करू द्या!"

"करा की. मी कुठे अडवलंय? रस्ता समितीचा नाही. आणि आकडे माझे आहेत."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. लेक तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, दप्तर पाठीला, आणि मैत्रिणींना सांगायला लागली, कुठला हुक चुकलाय ते. ठेकेदाराने मोठ्या बाईंना सांगितलं, ह्या बाईला हाकला. मोठ्या बाई म्हणाल्या, "रस्त्यावर माझी सत्ता चालत नाही," आणि वर्गावर निघून गेल्या.

चौथ्या दिवशी टोळीतला एक मिशाळ माणूस छपरावरून वैतागून ओरडला, "अहो बाई, डोकं उठलं! खालून मोजण्यापेक्षा वर येऊन मोजा ना!"

"मला मनाई आहे. तू मोज, मी ऐकते."

त्याने ठेकेदाराकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या गर्दीकडे, मग हातातल्या पान्याकडे. आणि माळाच्या उताराच्या कडेपासून, एकेका हुकाला हात लावत, मोठ्याने मोजत निघाला. रस्त्यावर सगळे मान वर करून ऐकत होते. तेहतीसपर्यंत तो आला आणि थांबला.

"चौतीस?" डबलबाईने विचारलं.

"राहिलाय."

"मग बसव."